मधले आसन



अध्यक्षाने गतवर्षीच्या काव्याचा आढावा घ्यावा, नव्या कवींची नावे घेऊन त्यांचे कौतुक करावे आणि शेवटी सरकारदरबारी दोन-चार मागण्या रुजू कराव्यात, अशी आपल्या संमेलनांची जुनी वहिवाट आहे, आणि ती मोडावी असा माझा आग्रह नाही. परंतु कवी आणि ग्रंथपाल यांना एका मांडवाखाली बसवणारे हे संमेलन असल्यामुळे, ज्या प्रश्नाकडे काव्यचर्चेत सहसा कोणाचे लक्ष जात नाही, तो आज जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी मी आपल्याकडे मागतो. कवितेला आश्रय देणाऱ्याने स्वतः कोठे बसावे, हा तो प्रश्न आहे. आश्रय असावा की नसावा याविषयी वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. कविता आजवर कोणाच्या ना कोणाच्या वळचणीला राहूनच वाढली आहे, मग तो राजा असो, मठ असो, छापखान्याचा मालक असो किंवा विद्यापीठ असो. आश्रयदात्याचे आसन कोठे मांडले जाते, यावर मात्र पुढच्या कितीतरी गोष्टी अवलंबून असतात.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या परंपरेत सुमारे अकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. कनौजच्या महेंद्रपालाचा गुरू असलेला आणि महाराष्ट्राशी आपल्या घराण्याचे नाते अभिमानाने सांगणारा राजशेखर ‘काव्यमीमांसे’च्या दहाव्या अध्यायात राजाने बांधावयाच्या कविसभेचा आराखडा देतो, आणि तो एखाद्या स्थपतीच्या काटेकोरपणाने देतो. सोळा खांब, चार दरवाजे, आठ मत्तवारणी, आणि मध्यभागी चार खांबांच्या आत हातभर उंचीची, रत्नखचित भूमीची वेदिका, जिच्यावर राजाचे आसन. तिच्या उत्तरेस संस्कृत कवी आणि त्यांच्यामागे वेदज्ञ, दार्शनिक, वैद्य, ज्योतिषी. पूर्वेस प्राकृत कवी आणि त्यांच्यामागे नट, नर्तक, गायक, वादक. पश्चिमेस अपभ्रंशाचे कवी आणि त्यांच्यापाठी चितारी, जडावकाम करणारे, सोनार, सुतार, लोहार. दक्षिणेस पैशाचीचे कवी आणि त्यांच्यामागे दोरीवर चालणारे, गारुडी, मल्ल. ज्याला अनेक भाषांत सारखीच गती आहे, त्याने एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसावे, अशीही तजवीज राजशेखराने करून ठेवली आहे. ज्या सभेत लोहार कविता ऐकायला बसतो आणि मल्लालाही बैठक मुकरर केलेली असते, त्या सभेचे औदार्य मान्य करावेच लागेल. तरीही त्या साऱ्या रचनेचे चारही रोख मधल्या वेदिकेकडे आहेत. तेथून दान मिळते, मान मिळतो, परीक्षेत उतरलेल्याला रथ आणि पट्टबंध मिळतो. आणि कविता कोणासाठी वाचली जाते आहे हे सांगण्याची गरजच उरत नाही.

याच प्रश्नाला विसाव्या शतकात एका स्त्रीने अगदी निराळे उत्तर दिले, आणि ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात, टूसॉन या गावी, ॲरिझोना विद्यापीठाच्या आवाराला लागून असलेल्या एका छोट्या घरात दिले. त्या स्त्रीचे नाव रूथ वॉलग्रीन स्टीफन. मराठी वाचकाला हे नाव परिचित असण्याचे कारण नाही. त्यांच्या स्वतःच्या देशातही त्यांची कविता फार वाचली गेली असे म्हणता येणार नाही. परंतु कवयित्री, कादंबरीकार, संपादक, लोकगीतांची अभ्यासक आणि आश्रयदाती अशा पाच भूमिका एका आयुष्यात वठवणाऱ्या या बाईंनी आश्रयाविषयी जो विचार आचरणात आणला, तो मला आपल्या आजच्या परिस्थितीत इतका मोलाचा वाटतो की, या भाषणाचा बहुतेक भाग मी त्यांनाच देणार आहे.

रूथबाईंचा जन्म 1910 साली शिकागोचा. वडील चार्ल्स वॉलग्रीन हे औषधविक्रेते; 1901 साली त्यांनी त्या शहरात एक दुकान घेतले, आणि 1930 च्या सुमारास त्याच नावाच्या दुकानांची संख्या पाचशेच्या वर गेली होती. या भरभराटीत रूथबाईंच्या आईचा, मर्टल वॉलग्रीन यांचा, हात शब्दशः होता. दुकानात सोडा आणि आइस्क्रीम विकत, पण थंडीत त्याला गिऱ्हाईक नसे. म्हणून मर्टलबाई घरच्या चुलीवर सूप शिजवीत, सँडविच करीत, केक भाजीत, आणि ते गरम अन्न रोज दुकानात पाठवीत. औषधाच्या दुकानात जेवायला बसण्याची जी चाल पुढे अमेरिकेत रूढ झाली, तिच्या प्रारंभी ही एका गृहिणीची मेहनत आहे. रूथबाईंच्या हाती पुढे आलेला पैसा कोठून आला हे आपण जाणून घेतले पाहिजे, कारण दानाची चर्चा करताना मिळकतीविषयी मौन पाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तो पैसा किरकोळ विक्रीच्या व्यापारातून आला, असंख्य नोकरांच्या श्रमांतून आला, आणि काही अंशी त्या चुलीवरूनही आला.

वडिलांनीही विद्यापीठाला दान दिले होते, आणि त्या दानाची हकीकत लेकीच्या दानाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. 1935 साली चार्ल्स वॉलग्रीन यांनी आपल्या भाचीला शिकागो विद्यापीठातून काढून घेतले. तेथे साम्यवादाचे धडे दिले जातात, अशी त्यांची जाहीर तक्रार होती. प्रकरण इतके चिघळले की इलिनॉय राज्याच्या सिनेटने चौकशी समिती नेमली, आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना आपल्या अध्यापकांच्या बाजूने उभे राहावे लागले. चौकशीतून विद्यापीठावर ठपका ठेवण्यासारखे काही निष्पन्न झाले नाही. पुढे दोन्ही पक्षांचे मनोमीलन झाले, आणि 1937 साली त्याच वॉलग्रीन यांनी त्याच विद्यापीठाला अमेरिकन संस्थांच्या अभ्यासासाठी 5,50,000 डॉलर दिले. या दानातूनही पुढे मोलाचे काम झाले. लिओ स्ट्राउस आणि जॉर्ज केनन यांची गाजलेली व्याख्याने त्याच निधीच्या आश्रयाने झाली, हे न सांगणे अन्याय होईल. परंतु त्या दानामागची प्रेरणा स्पष्ट होती: तरुणांनी अमुक विचार करावा, अमुक वाटेला जाऊ नये. दाता मधल्या वेदिकेवर बसलेला होता. घरातील हा सारा प्रसंग घडला तेव्हा रूथबाई पंचविशीच्या होत्या. पुढे त्यांनी विद्यापीठाला जे दिले, त्यात विद्यार्थ्याने काय वाचून काय मानावे याविषयी अवाक्षर नव्हते, हा मला केवळ योगायोग वाटत नाही.

मधल्या आसनावरून उतरण्याचा त्यांचा पहिला प्रयोग मात्र वास्तूत झालेला नाही, तो छापील कागदावर झाला. पहिला विवाह संपल्यावर 1939 साली त्यांनी चित्रकार जॉन स्टीफन यांच्याशी विवाह केला, आणि 1947 ते 1949 या काळात या दांपत्याने कनेक्टिकटमधील वेस्टपोर्ट येथून ‘द टायगर्स आय’ नावाचे कला आणि साहित्याचे नियतकालिक काढले. अवघे नऊ अंक निघाले. अमूर्त चित्रकलेची जी लाट न्यूयॉर्कमध्ये तेव्हा उसळत होती, तिचे मार्क रॉथ्को, बार्नेट न्यूमन यांच्यासारखे चित्रकार त्या पानांतून येत. कलेतील उदात्ततेवर 1948 च्या डिसेंबरात जो विशेष विभाग निघाला, त्यात न्यूमन यांचा पुढे कलेतिहासात वारंवार उद्धृत झालेला निबंध आहे. पण आपण साहित्यिकांनी पाहावे ते त्या अंकांच्या रचनेकडे. कवितेच्या वर वा खाली कवीचे नाव छापलेले नसे, चित्राखाली चित्रकाराचे नसे. अनुक्रमणिका अंकाच्या पहिल्या पानावर नसून मध्यावर कोठेतरी असे, आणि ही ओळ कोणाची हे ज्याला हवे असेल त्याला पाने उलटून तेथे जावे लागे. परिणाम असा की, नामवंताची कविता आणि काल लिहू लागलेल्याची कविता वाचकासमोर एकाच पातळीवर येऊन उभ्या राहत, आणि वाचकाला आधी वाचावे लागे, मग आदर बाळगावा लागे. आपल्याकडे नाव पाहून पान उलटणारे किंवा नाव पाहून मान डोलावणारे वाचक कमी नाहीत. त्यांच्यासाठी असा एखादा अंक मराठीत कोणी काढील तर मी त्याचा पहिला वर्गणीदार होईन.

संपादकाने आपल्या अधिकाराचा उपयोग लेखकांची प्रतवारी लावण्यासाठी न करता ती प्रतवारी काही काळ दृष्टीआड ठेवण्यासाठी करावा, ही कल्पना आपल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीला परकी वाटली नसती. 1950 नंतरच्या दशकात आणि पुढे ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ अशा अनियतकालिकांनी प्रस्थापित मासिकांच्या निवडीला जे आव्हान दिले, त्यामागेही हीच तळमळ होती. फरक इतकाच की आपल्या तरुणांच्या खिशात कागदाचे पैसे नसत, आणि स्टीफन दांपत्याच्या मागे औषधांच्या दुकानांची संपत्ती होती. संपत्ती असूनही त्यांनी नववा अंक काढून थांबणे पसंत केले.

त्याआधीच रूथबाई पेरूला जाऊन आल्या होत्या. त्यांचे एक छोटे पुस्तक 1946 साली लीमा येथे छापलेले आहे. अँडीज पर्वतातील केचुआ लोकांची गाणी आणि कहाण्या यांनी त्यांना ओढून घेतले. होसे मारिया आर्गेदास हा पेरूचा थोर कादंबरीकार बालपणी केचुआ भाषक नोकरचाकरांच्या सहवासात वाढला होता, आणि ती भाषा त्याच्या जिभेवर आईच्या भाषेइतकी सहज होती. त्याने गोळा केलेल्या गीत-कथांचा इंग्रजी संग्रह रूथबाईंनी संपादून, प्रस्तावनेसह, 1957 साली टेक्सास विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला. येथे मला आपल्या हाल सातवाहनाची आठवण होते. राजशेखराने कविसभेच्या राजाला ज्या थोर सभापतींचे अनुकरण करायला सांगितले आहे, त्यांत सातवाहनाचे नाव आहे. पण सातवाहनाची खरी कीर्ती त्याच्या सभेमुळे टिकलेली नाही. ती टिकली इतरांच्या सातशे गाथा निवडून एकत्र बांधल्यामुळे. शेतकऱ्याच्या सुनेचे, पांथस्थाचे, गोदाकाठच्या कुणबिणीचे शब्द त्यात आले, आणि राजाचे नाव केवळ संग्राहकाच्या जागी राहिले. मावळ-मुळशीपासून थेट मराठवाड्यापर्यंत जात्यावर बसलेल्या बायांच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या, तेही याच कुळीचे काम आहे. आश्रयदात्याचा पहिला गुण ऐकण्याची शक्ती हा असतो, आणि पैसा त्याच्या पुष्कळ नंतर येतो, असे मला या उदाहरणांवरून निश्चित वाटते.

रूथबाईंच्या दोन कादंबऱ्यांचा विषय एकच आहे: स्वीडनची राणी क्रिस्टीना, जिने 1654 साली स्वेच्छेने मुकुट उतरवून ठेवला आणि रोमला जाऊन ग्रंथ, चित्रे व कवी यांच्या सहवासात उर्वरित आयुष्य घालवले. पहिली कादंबरी 1956 मध्ये आली, दुसरी 1960 मध्ये. म्हणजे टूसॉनचे घर उघडले त्याच वर्षी. सत्ता आणि वैभव यांत जन्मलेल्या व्यक्तीने त्यांचे काय करावे, हा विचार त्यांच्या मनात कित्येक वर्षे घोळत असला पाहिजे. क्रिस्टीनेच्या मृत्यूनंतर तिच्या मंडळातील कवींनी 1690 साली रोममध्ये ‘आर्केडिया’ ही विद्वत्सभा स्थापली, आणि तिचा हस्तलिखितांचा संग्रह व्हॅटिकनच्या ग्रंथालयात गेला. राणीचा मुकुट स्टॉकहोमला राहिला आणि पुस्तके वाचकांकडे गेली. रूथबाईंना हा व्यवहार पुरता समजला होता.

टूसॉनला रूथबाई हिवाळ्यात लेखनासाठी जाऊन राहत. उत्तरेकडील बर्फाच्या दिवसांत तेथे स्वच्छ ऊन असते, सभोवार सोनोराचे वाळवंट, आणि त्यात पुरुषभर उंचीहून कितीतरी वर गेलेले साग्वारो निवडुंग हात उभारून उभे असतात. मेक्सिकोची सरहद्द दक्षिणेस दोन तासांच्या आत. इंग्रजी, स्पॅनिश आणि तेथील मूळ रहिवासी तोहोनो ओऽधम यांची भाषा, अशा तीन भाषा त्या भूमीवर नांदत आल्या आहेत. विद्यापीठ होते, तेथे इंग्रजीचा विभाग होता, अध्यापक होते, परीक्षा होत्या. पण कवितेची पुस्तके तरुणांच्या हाती सहजासहजी पडत नाहीत, आणि पडलीच तर टीकाकाराच्या आणि पाठ्यक्रमाच्या मध्यस्थीने पडतात, ही गोष्ट रूथबाईंना सलत होती. म्हणून त्यांनी आपल्या राहत्या जागेच्या परिसरातील घर आणि पुस्तके विद्यापीठाच्या हवाली केली, आणि हेतू एवढाच मांडला की कवितेचे चैतन्य येथे जपले जावे. वाचकाने यावे, कपाटातून पुस्तक काढावे आणि कोणी शिकवण्याआधी वाचावे. मंजुरी देणारे विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड हार्विल यांचेही येथे स्मरण केले पाहिजे, कारण ज्याची परीक्षा घेता येत नाही आणि पदवी देता येत नाही अशा उद्योगाला कारभारी मंडळी सहसा जागा देत नाहीत.

17 नोव्हेंबर 1960 रोजी हे केंद्र उघडले. उद्घाटनाला कवी रॉबर्ट फ्रॉस्ट आले होते. वय 86 वर्षांचे. समारंभास ॲरिझोनाचे काँग्रेस-सदस्य स्ट्यूअर्ट उडॉल उपस्थित होते. त्याच महिन्याच्या आठ तारखेला जॉन केनेडी अध्यक्षपदी निवडून आले होते, आणि त्यांच्या शपथविधीला फ्रॉस्ट यांना बोलवावे ही सूचना याच उडॉल यांनी केली. 20 जानेवारी 1961 रोजी, बर्फावरून परतणाऱ्या उन्हाच्या तिरिपीने डोळे दिपून हातातला कागद वाचता येईना, तेव्हा वृद्ध कवीने आपली जुनी कविता मुखोद्गत म्हटली, हे दृश्य पुढे जगभर प्रसिद्ध झाले. राष्ट्राच्या राजधानीतल्या त्या सभेला मध्यवर्ती वेदिका होती. दोन महिन्यांपूर्वीच्या टूसॉनच्या घराला ती नव्हती, आणि माझ्या मते काव्याच्या दृष्टीने ते छोटे घर अधिक टिकाऊ ठरले.

टिकले कसे, हे ग्रंथपालांसाठी सांगतो. तेथील पुस्तके घरी नेता येत नाहीत. परंतु कपाटे उघडी आहेत, आणि वाचक विद्यापीठाचा असो वा रस्त्यावरून आलेला असो, त्याला आत येऊन स्वतःच्या हाताने पुस्तक काढण्याची मुभा आहे. चिठ्ठी भरून शिपायाची वाट पाहणे नाही. काव्यासारख्या विषयात हा फरक फार मोठा आहे, कारण कवितेचा वाचक बहुधा अमुक पुस्तक हवे म्हणून येत नाही. तो एक संग्रह शोधताना शेजारचा अनोळखी संग्रह उघडतो आणि तेथेच उभा राहून वाचतो. आज तेथे 70,000 हून अधिक पुस्तके, नियतकालिके, ध्वनिफिती व इतर साहित्य आहे. काव्यवाचनासाठी येणाऱ्या कवींना उतरायला निवारा मिळे, आणि वाचनाचे ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची शिस्त आरंभापासून पाळली गेली. 1963 पासूनचे आवाज आज कोणालाही ऐकता येतात. पहिल्या संचालिका लव्हर्न हॅरेल क्लार्क या स्वतः लेखिका आणि छायाचित्रकार. त्यांनी आलेल्या कवींची छायाचित्रे टिपली. कवी तेथे केवळ पुस्तकात राहिला नाही, त्याचा चेहरा आणि श्वासदेखील दप्तरी दाखल झाला.

1970 नंतर लोइस शेल्टन यांनी दोन दशके संचालिकापद सांभाळले. त्यांचे पती, कवी रिचर्ड शेल्टन, यांना राज्याच्या तुरुंगातून एका खुनी कैद्याने आपल्या कविता तपासून द्याल का असे पत्र पाठवले, आणि त्या पत्रातून पुढे, 1974 पासून, कैद्यांसाठी लेखनवर्ग सुरू झाले, जे शेल्टन यांनी पुढची अनेक वर्षे चालवले. कवितेच्या घराला भिंती असतातच, पण त्या घरात वावरणाऱ्या माणसाने तुरुंगाच्या भिंतीआड जाऊन बसावे, ही गोष्ट मला त्या साऱ्या इतिहासात सर्वांत तेजस्वी वाटते. राजशेखराच्या सभेत मल्लाला आणि गारुड्याला जागा होती. अपराध्याला जागा देण्याचे त्यालाही सुचले नव्हते.

पुढे स्पीडवे नावाच्या हमरस्त्याच्या रुंदीकरणात ती मूळची घरे गेली. संस्था काही काळ इकडून तिकडे फिरली, आणि 2007 साली स्वतःच्या प्रशस्त इमारतीत आली. त्या इमारतीला दुसऱ्या एका काव्यप्रेमी आश्रयदातीचे, हेलन शेफर यांचे, नाव आहे, आणि केंद्र केवळ विद्यापीठाचे काव्यकेंद्र म्हणून ओळखले जाते. रूथबाई हे पाहायला नव्हत्या. शेवटच्या वर्षांत त्या जपानकडे, क्योतोच्या एका झेन मठाकडे वळल्या होत्या, तेथील जीवनावर त्यांनी 1971 साली एक चित्रपट केला, आणि 1974 मध्ये त्यांचे देहावसान झाले. मूळ वास्तू गेली, स्थापनकर्ती गेली, तरी कामात खंड पडला नाही. मध्यभागी व्यक्ती बसवलेली असती तर ती गेल्यावर सभा मोडली असती.

आता आपल्या घरी येऊ. आश्रयाचे रूप बदलता येते याचे दाखले आपल्या इतिहासात आहेत. पेशवाईत श्रावणमासी पुण्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात लोकहितवादींसारख्या सुधारकांच्या पिढीने तिचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा म्हणून अर्ज केला, आणि 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. रमण्याच्या दारातून आत येणाऱ्या जातीऐवजी कागदावर उतरलेल्या मजकुराला पैसा मिळू लागला, हे स्थित्यंतर लहान नव्हते. सयाजीराव महाराज गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून, 1910 साली विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला थेट कनेक्टिकटमधून बडोद्याला आणले, आणि खेडोपाडी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या धाडल्या. महाराजांच्याच आश्रयाने निघालेल्या प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ 1916 साली छापला गेला, आणि तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. ज्या राजाने कविसभेच्या मध्यावर बसण्याचे ते जुने शास्त्र छापून काढले, तोच राजा पुस्तकांची पेटी अशा गावी पाठवीत होता जेथे तो स्वतः कधी जाणार नव्हता. या दोहोंपैकी दुसरी कृती मला अधिक राजस वाटते.

स्वातंत्र्योत्तर काळात भोपाळच्या भारत भवनाने भारतीय कवितेचे ग्रंथालय, संग्रह आणि अनुवादकेंद्र उभारले, आणि त्या केंद्राच्या संचालकपदी आपले दिलीप चित्रे काही काळ होते. मराठी कवीने असे घर चालवून पाहिले आहे. पण ते घर मराठी मुलखात नव्हते. नाशिकला कुसुमाग्रजांच्या नावाने प्रतिष्ठान आहे, मुंबई-ठाण्याची ग्रंथसंग्रहालये शतकाहून अधिक काळ उभी आहेत, पुण्यात साहित्य परिषद आहे. या सर्वांचे ऋण मान्य करूनही मी म्हणतो की, केवळ कवितेसाठी, साऱ्या कवितेसाठी, उघड्या कपाटांचे एकही घर आपण अद्याप बांधलेले नाही.

याची किंमत कोण देतो? तालुक्याच्या गावचा शिक्षक स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन संग्रह छापतो, शे-दोनशे प्रती स्नेह्यांना देतो, उरलेल्या माळ्यावर जातात, आणि त्याच्या पश्चात त्या रद्दीत निघतात. कोणत्याही ग्रंथालयाच्या खरेदी समितीपुढे ते पुस्तक आलेले नसते, म्हणून ते कोणत्याही नोंदवहीत नसते. अनियतकालिकांचे अंक त्या वेळच्या स्वस्त कागदामुळे हाताळताच तुटतात. ज्यांच्याकडे ते आहेत ती मंडळी आता वृद्ध झाली आहेत. आवाजांचे तर विचारूच नये. केशवसुत 1905 साली आणि बालकवी 1918 साली गेले, तेव्हा त्यांचा स्वर जपला गेला नाही याचा दोष काळाला देता येईल. पण ज्यांना आपण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत व्यासपीठावर ऐकले, ज्यांच्या तोंडून खानदेशी, वऱ्हाडी, मालवणी, गोव्याकडची मराठी कविता तिच्या खऱ्या हेलासह बाहेर पडली, त्यांचे आवाज विरून गेले तर तो दोष आपल्याच माथी येईल.

म्हणून संमेलनाच्या विचारार्थ मी एक ठराव ठेवत आहे, आणि त्यातील चार बाबींचा खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मराठीत प्रसिद्ध झालेला कवितेचा प्रत्येक संग्रह, स्वखर्चाने काढलेला असो वा नामवंत प्रकाशनाचा, संमेलनाच्या घटक संस्थांपैकी निदान एकीने निवड समितीकडे न पाठवता दाखल करून घ्यावा. वाईट कविता कोणती हे ठरवण्याची घाई ग्रंथालयाने करू नये, ते काम वाचक आणि काळ यांच्याकडे सोपवावे. ही कपाटे उघडी असावीत, आणि सभासदत्वाची पावती न मागता वाचकाला तेथे बसू द्यावे. येथे जमलेल्या प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथपालाने आपल्या भागातील सत्तरीपुढच्या कवींचे, तसेच ओव्या-गाणी जाणणाऱ्या बायांचे आवाज त्यांच्या संमतीने मुद्रित करून एका ठिकाणी पाठवावेत. आजच्या साधनांनी हे काम फारशा खर्चाशिवाय होते, त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि या कामी जे धनिक मदत करतील त्यांची नावे बक्षीसपत्रात व जमाखर्चात पूर्ण आदराने नोंदवावीत, मात्र वाचनकक्षाच्या मध्यावर कोणाचाही पुतळा, तसबीर वा खुर्ची ठेवू नये, ही अट घटनेतच घालावी.

शेवटच्या अटीला काही सदस्यांचा विरोध आहे हे मला ठाऊक आहे. दात्याचा सन्मान केला नाही तर दाता मिळत नाही, हा त्यांचा युक्तिवाद व्यवहाराला धरून आहे, आणि त्यावर मोकळी चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे. माझे मत मी सांगितले. दुपारच्या सत्रात कवितावाचन सुरू होण्यापूर्वी मते घेतली जातील. ठरावाचा मसुदा वाचून दाखवण्याची मी कार्यवाहांना विनंती करतो.